स्वर्गातले जेवण

आपल्या पुराणांतला स्वर्ग अमृताचा, अप्सरांचा. पुण्य सरले की परतीचा. ख्रिस्ती स्वर्गाकडे वळताना ही सवय मला बाजूला ठेवावी लागली. मोशेच्या नियमाने सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली स्त्री पुनरुत्थानानंतर कोणाची, असे सदूकींनी येशूला विचारले. तिथे लग्नच नाही, हे त्याचे उत्तर. पण पुनरुत्थित येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, असे लूक सांगतो. मग देहसुख तिथे आहे की नाही?

‘देवाचे नगर’ या ग्रंथात ऑगस्टीन म्हणतो, उठलेला देह खाऊ शकेल, पण भुकेपोटी नव्हे; स्त्रीही स्त्रीच राहील. १३व्या शतकात थॉमस अक्विनासने तर्क लावला : अन्न देह टिकवण्यासाठी, संभोग वंश टिकवण्यासाठी, मरणच नसेल तर दोन्ही अनावश्यक. मित्रांचा सहवास मात्र परमानंदाला अत्यावश्यक नसला तरी शोभा आणतो, हे तो मान्य करतो.

या मांडणीत सुख पाप म्हणून गळत नाही, गरज सरली म्हणून गळते. त्या स्त्रीचे नवरेपण-बायकोपण तिथे संपते. ती माणसे तिला भेटणारच नाहीत, असे यातून निघत नाही.