कोंबड्यांची जाळी आणि आकाशातील गुरुजी

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी तुम्ही पाहिली असेलच. षट्कोनी भोकांची, हलकी आणि स्वस्त. ही जाळी घेऊन शाळेत मुलांना शिकवता येईल का, असे कुणी विचारले तर तुम्ही हसाल. पण १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत अशाच जाळीने आकाशातून धडे पकडले आणि मुलांनी ते पाहिले!

त्या काळी आपल्या देशात दूरचित्रवाणी म्हणजे मोठ्या शहरांतील नवलाई होती. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुण्याला ती १९७३ मध्ये पोहोचली. अशा वेळी राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील निवडक खेड्यांत एकदम दूरचित्रवाणी संच जाऊन बसले. या उपक्रमाचे नाव होते 'उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग'. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सगळे 'साइट' म्हणत.

हल्ली शाळाशाळांतून संगणक, टॅब्लेट आणि मोठे पडदे आले आहेत. यंत्र शिकवू लागले की शिक्षकांचे काम संपेल काय, असा प्रश्न तुमच्याही मनात येत असेल. यंत्र शाळेला काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हे पाहावयाचे असेल तर 'साइट'ची हकीकत समजून घेण्याजोगी आहे.

सर्वांत उंच मनोरा

दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशाप्रमाणेच जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे १०० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटर अंतरावरच येते. त्यापलीकडची गावे जणू टेकडीआड जातात. साऱ्या देशात चित्रे पोचवायची तर असे शेकडो मनोरे हवेत.

यावर उपाय एकच, मनोरा खूप उंच करणे! विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत ठेवला, तर त्याची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात पूर्ण होते. म्हणून खालून पाहणाऱ्याला तो आकाशात एका जागी टांगल्यासारखा स्थिर वाटतो. याला भूस्थिर उपग्रह म्हणतात. असे उपग्रह संदेशवहनासाठी वापरता येतील, हे आर्थर क्लार्क या लेखकाने १९४५ मध्येच लिहून ठेवले होते. पुढे ते श्रीलंकेत राहू लागले. 'साइट' चालू असताना भारतीय तंत्रज्ञांनी त्यांच्या कोलंबोतील घरीही एक संच बसवून दिला. आपली तीस वर्षांपूर्वीची कल्पना त्यांना घरबसल्या पडद्यावर पाहता आली!

भारताकडे तेव्हा असा उपग्रह नव्हता. डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेशी करार झाला. उपग्रह त्यांचा, जमिनीवरील यंत्रणा आणि कार्यक्रम मात्र आपले, अशी वाटणी ठरली. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच, डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे निधन झाले. त्यांचे सहकारी एकनाथ वसंत चिटणीस यांनी कार्यक्रम-व्यवस्थापक म्हणून आणि प्रा. यशपाल यांनी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक म्हणून ते काम तडीस नेले.

वर छत्री, खाली जाळी

'एटीएस-६' नावाचा तो उपग्रह ३० मे १९७४ रोजी अवकाशात गेला. पुढच्या वर्षी त्याला सरकवत सरकवत पूर्व रेखांश ३५ अंशांवर, म्हणजे आफ्रिकेतील केनियाच्या डोक्यावर आणले. तेथून भारत त्याच्या नजरेच्या टप्प्यात येई.

आता थोडे गणित करू. उपग्रहावरील प्रक्षेपकाची शक्ती होती अवघी ८० वॅट. जुन्या पद्धतीचा एखादा मोठा विजेचा दिवा तेवढीच वीज खातो. असा दिवा ३६ हजार किलोमीटरांवर लावला, तर त्याचा उजेड आपल्या अंगणात कितीसा पडणार? अंतर दुप्पट झाले की उजेड चौपटीने कमी होतो, तिप्पट झाले की नऊपटीने. लहरींचेही तसेच.

दिव्यामागे आरसा बसवला, की विजेरीचा झोत दूर जातो. उपग्रहावर हेच काम एका प्रचंड छत्रीने केले. तिचा व्यास ९ मीटरांहून थोडा अधिक होता. उड्डाणाच्या वेळी ती घडी घालून ठेवली होती आणि वर गेल्यावर उघडली. तिच्यामुळे लहरी चहूकडे न विखुरता भारताच्या दिशेने एकवटल्या. तरीही एका खेड्यातील ॲन्टेनावर पडणारी शक्ती एका वॅटच्या दहा अब्जाव्या भागापेक्षाही कमी भरत असे!

येथे एक युक्ती ध्यानात घ्या. एरवी उपग्रह लहान असत आणि जमिनीवरच्या ॲन्टेना अवाढव्य. पुण्याजवळ आर्वी येथे याच सुमारास उभारलेल्या भूकेंद्राची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची होती. तशी तबकडी प्रत्येक खेड्यात कोण बसवणार? म्हणून मोठी छत्री एकदाच आकाशात नेली, आणि त्यामुळे खेड्यात अवघ्या ३ मीटर व्यासाची तबकडी पुरली.

ही तबकडी आपल्या तंत्रज्ञांनी कोंबड्यांच्या जाळीची केली. भोकांतून लहरी निसटून जाणार नाहीत का? उपग्रहाच्या लहरींची कंप्रता होती ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८६ कोटी कंपने. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटरांना, ८६ कोटींनी भागले की तरंगलांबी येते सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असली, तर त्या लहरीला जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते. ती परत फिरते आणि तबकडीच्या केंद्राशी एकवटते. वारा मात्र भोकांतून आरपार जातो, म्हणून तबकडी वादळात टिकते. शिवाय वजन कमी आणि किंमतही कमी. देशी डोक्यातून निघालेली ही तोड प्रयोगाचा कणाच ठरली.

सकाळची बावीस मिनिटे

अहमदाबादच्या भूकेंद्रातून कार्यक्रम वर जाई आणि उपग्रहावरून खाली येई. वर जाऊन खाली येईपर्यंतचे ७२ हजार किलोमीटर अंतर लहरी पाव सेकंदात कापत. शाळेच्या दिवशी सकाळी दीड तास मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, अशी वेळ होती. सकाळचा दीड तास हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू या चार भाषांत वाटलेला होता. म्हणजे एका शाळेच्या वाट्याला रोजची साडेबावीस मिनिटे आली.

मुलांसाठी विज्ञानाचे अनेक कार्यक्रम मुंबईत, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या स्टुडिओत तयार झाले. पाणी, हवा, सावली, बी रुजणे असे मुलांच्या अवतीभवतीचे विषय घेऊन, हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून विज्ञान शिकवावे असा त्यांमागचा विचार होता.

अडचण येते ती येथेच. समजा, पडद्यावर सांगितले, "अंगणात काठी रोवा. सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते ते लिहून ठेवा." ओरिसातील संबळपूर जिल्ह्यातील आणि राजस्थानातील जयपूर जिल्ह्यातील मुले एकाच वर्षी हे संच पाहत होती. घड्याळ दोन्हीकडे एकच; पण संबळपूर जयपूरच्या सुमारे ८ अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास ४ मिनिटे लागतात. म्हणून संबळपूरला आखूड सावली जयपूरच्या सुमारे ३३ मिनिटे आधी पडते. मग पडद्यावरच्या गुरुजींनी कोणती वेळ बरोबर म्हणून सांगावी?

त्यांना ती सांगताच येणार नाही. त्यांना तुमचे अंगण दिसत नाही. तुमची काठी तिरपी रोवली गेली आहे हे त्यांना कळत नाही. आणि "गुरुजी, आमच्याकडे बारा वाजता सावली आखूड का पडली नाही?" असे कुणी विचारले, तर ते ऐकू जाणार नाही. लहरी एकाच दिशेने येत होत्या. प्रश्न परत नेणारी वाट त्या जाळीत नव्हती. त्या मुलीचा प्रश्न ऐकून तिच्याबरोबर अंगणात जाणारे कुणी तरी शाळेतच हवे होते.

प्रयोग आखणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. म्हणून ऑक्टोबर १९७५ मध्ये वीस हजारांहून अधिक प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले. त्यात दूरचित्रवाणीबरोबर आकाशवाणीचे कार्यक्रम होते, छापील पुस्तिका होत्या आणि स्वतःच्या हाताने करावयाचे प्रयोगही होते. उपग्रह जसा मुलांसाठी वापरला, तसाच गुरुजींसाठीही वापरला.

निकाल काय लागला?

समाजशास्त्रज्ञांनी खेड्यांत राहून या प्रयोगाची पाहणी केली. शाळेच्या परीक्षांतील यशात ठळक सुधारणा आढळली नाही. मात्र मुलांची भाषा सुधारली, आणि नवीन माहिती मिळवण्याची त्यांची ओढ वाढलेली दिसली. मला हा निकाल फार बोलका वाटतो. पडद्याने भूक वाढवली; पण जेवण वाढावयास घरचे माणूस लागते.

करार एका वर्षाचाच होता. ३१ जुलै १९७६ नंतर उपग्रह परत गेला. काही खेड्यांना पुढे जमिनीवरील प्रक्षेपकांतून कार्यक्रम मिळू लागले, इतरत्र पडदे काळे झाले. पण या वर्षभरात आपले तंत्रज्ञ तयार झाले होते. पुढे 'इन्सॅट' मालिका आली आणि २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी बनवलेला 'एज्युसॅट' श्रीहरिकोट्याहून उडाला.

२०२० मध्ये महासाथीने शाळा बंद पडल्या, तेव्हा महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून दाखवली गेली. तिच्यातही नुसते ऐकणे नव्हते. घरच्यांच्या मदतीने काही करून पाहणे होते. टॅब्लेटवर तर प्रश्न परत पाठवण्याची वाटही आहे. यंत्र तुमचे उत्तर क्षणात तपासू शकते, चुकले तर पुन्हा समजावू शकते. हा मोठाच लाभ आहे. पण तुमची काठी तिरपी आहे, हे आजही अंगणात उभे असलेल्या माणसालाच आधी दिसते.

करून पाहा

घरी मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर तो चालू करा आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आवाज का मंदावला? डब्यामुळे आवाज कोंडला, असे कुणी म्हणेल. म्हणून आता रेडिओ कोंबड्यांच्या जाळीत चहूबाजूंनी नीट गुंडाळा. कडा एकमेकींवर दाबून बसवा. आवाजाला तर भोकांतून मोकळी वाट आहे! तरीही काय होते ते ऐका. मग जाळी एका बाजूने उघडा आणि पुन्हा ऐका.

सावलीचा प्रयोगही करा. काठी उभी रोवा. ती खरोखर उभी आहे हे दोऱ्याला दगड बांधून तपासा. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा आणि सर्वांत आखूड सावलीची वेळ वहीत लिहा. दूरच्या गावी मामा-मावशीकडे तुमच्या वयाचे कुणी असेल, तर त्यालाही त्याच दिवशी तेच करावयास सांगा. दोन वेळांतील फरक मिनिटांत काढा आणि चारने भागा. दोन गावांच्या रेखांशांतील फरक मिळेल. नकाशा उघडून तो जुळतो का पाहा.

जुळला नाही, तर वही घेऊन आपल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे जा. तो प्रश्न विचारण्याची खरी जागा तीच आहे.