जलातील अणुकेंद्रांचे चुंबकत्व आणि ‘चुंबकजल’

‘चुंबकजल प्यावे काय?’ ही पृच्छा वैद्यबंधूंना नवी नाही. तिचा विचार आपण कपिलधारच्या (जि. बीड) धबधब्यातील जलावरून करू. जलाच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. त्यांचे केंद्र, म्हणजे प्रोटॉन, परिवलन या अंगभूत गुणामुळे सूक्ष्म चुंबकच असते. पृथ्वीच्या क्षीण चुंबकक्षेत्रात, कपिलधारच्या परिसरात, ते सेकंदास सुमारे 1,800 वेळा भोवऱ्याप्रमाणे डोलते. एमआरआय यंत्राच्या 1.5 टेस्ला क्षेत्रात सुमारे 6 कोटी 39 लक्ष वेळा. अशा प्रबळ क्षेत्रातही दहा लक्ष प्रोटॉनांमागे क्षेत्राच्या दिशेने राहणाऱ्यांचे आधिक्य जेमतेम पाचांचे! एमआरआयची प्रतिमा उमटते ती एवढ्यावरच.

घरगुती चुंबकाने साधणारे आधिक्य याहूनही अल्प, आणि पेला चुंबकापासून दूर करताच ते काही सेकंदांत मावळते. तेव्हा अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाचा दाखला देऊन चुंबकजलाची शिफारस करणे आम्हांस उचित वाटत नाही.

या गुणाचा खरा उपयोग परीक्षणात आहे. 1951 साली अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलमधील तीन प्रकारच्या हायड्रोजनांचे संकेत पृथक् दाखविले. धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही शाखा रुजविली. आपल्या आसवारिष्टांतील मद्यांशही याच पद्धतीने मोजता येतो.