सायकलीचा भार आणि जीपचा सांगाडा

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरहून सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे किंवा किनवट-माहूरच्या डोंगराळ इलाख्यात जीप न्यावी आणि तिथून पुढे सायकलीवर हिंडावे, अशी हौस ज्यांना जडली आहे, त्यांच्यापुढे जीपच्या पाठीमागे सायकल कशी टांगावी हा प्रश्न उभा राहतोच. आणि गावच्या वेल्डिंगच्या दुकानात आपल्या मापाचा स्टँड करवून घेण्याचा विचार सर्वथा योग्य असला, तरी त्याभोवती ज्या भ्रामक समजुती बळावल्या आहेत, त्यांचे निराकरण अगत्याचे आहे.

सर्वांत दृढमूल समज असा, की लोखंड जितके भरीव तितका स्टँड मजबूत. 25 मिलिमीटर व्यासाची भरीव सळई दर मीटरला सुमारे 3.85 किलो भरते. 40 मिलिमीटर बाजूचा आणि 2 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप अवघा 2.4 किलो भरतो, आणि तरीही वाकण्याला त्याचा विरोध सळईच्या जवळजवळ चौपट असतो, कारण वाकताना येणारा ताण व दाब मुख्यतः मध्यापासून दूर असलेला धातू सोसतो आणि गाभ्यातला धातू बहुतांशी वजनच वाढवतो.

मागच्या दारावरील स्टेपनीला चौकट अडकवली की काम भागले, हा दुसरा समज मला अधिक घातक वाटतो. त्या दाराच्या बिजागऱ्या स्टेपनीचे ओझे आधीच वाहत असतात. त्यात दोन सायकलींचे तीसेक किलो वजन दारापासून हात-दीड हात बाहेर टांगले, की तरफेच्या न्यायाने बिजागऱ्यांवरचा ओढा वाढतो, आणि खडकाळ वाटेवर गाडी उसळून आदळते त्या क्षणी हा भार स्थिर अवस्थेतील भाराच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. पातळ पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या बंपरचीही तीच कथा. भाराची वाट सायकलीपासून थेट चासीपर्यंत जाईल आणि जोड मजबूत पट्टी, बोल्ट व लॉकनट यांनी होईल, अशीच तजवीज हवी.

वेल्डिंगचा जोड जाड दिसला म्हणजे पक्का झाला, असेही नव्हे. धातू आत न मुरता वरच साचला, तर जोड वरून भरगच्च दिसतो आणि हादऱ्यांनी त्याच्या कडेला केसासारखी भेग पडते. रंगावर उमटलेली गंजाची बारीक तांबूस रेघ ही तिची पहिली खूण होय. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वापरायचा असेल, तर जोडाच्या जागेचा मुलामा आधी घासून काढावा, कारण तो जळताना निघणाऱ्या धुराने कारागिराला थंडीताप भरतो.

खाजगी गाडीला काहीही जोडण्याची मुभा असते, ही समजूतही चुकीची आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मज्जाव आहे, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच दंडक अधोरेखित केला. म्हणून स्टँड बोल्ट काढून सुटा करता येईल असाच असावा, सायकलींसह तो गाडीच्या रुंदीबाहेर जाऊ नये, नंबरप्लेट व मागचे दिवे यत्किंचितही झाकले जाऊ नयेत, आणि काम सुरू करण्यापूर्वी नांदेडच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सायकल बांधण्याची वहिवाट आपल्याकडे सार्वत्रिक आहे. परंतु मराठवाड्याच्या उन्हात रबर लवकर चिरते, म्हणून मुख्य बंधन कसता येणाऱ्या विणलेल्या पट्ट्याचे असावे. सायकलीचे टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही, हेही पाहावे, आणि कच्च्या रस्त्यावरचा पहिला टप्पा संपताच प्रत्येक नट पुन्हा पान्याने कसावा.