बटाट्याचं वेळापत्रक आणि शाळेचं

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावाच्या सीमेवर 1743 साली बांधलेलं एक विलक्षण कोठार उभं आहे. ते शंकूसारखं वर निमुळतं होत जातं आणि त्याचा दगडी जिना बाहेरून वळसे घेत माथ्यापर्यंत चढतो. 1740-41 च्या भीषण थंडीत आयर्लंडमधले बटाटे जमिनीतच गोठले, दुष्काळ पडला. त्यानंतर कॅथरीन कॉनोली यांनी हे ‘वंडरफुल बार्न’ उभारून घेतलं. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं, हाही त्यामागचा एक हेतू. आज त्याच्या पायथ्याशी नागरिकांना भाजी पिकवण्यासाठी दिलेले वाफे आहेत.

आयर्लंडमध्ये लवकर येणारा बटाटा सेंट पॅट्रिक्स डेच्या, म्हणजे 17 मार्चच्या सुमारास लावायचा अशी जुनी रीत. त्याआधी काही आठवडे बेणं अंड्यांच्या ट्रेमध्ये उजेडात मांडून ठेवतात, डोळे वरच्या बाजूला करून. कोंब आखूड आणि जाड निघाले की ते लावणीला तयार. सरी वीतभरापेक्षा थोडी कमी खोल, दोन बेण्यांत साधारण फूटभर अंतर. रोप वीतभर वर आलं की दोन्ही बाजूंनी माती ओढून भर लावायची, कारण उजेड लागलेला बटाटा हिरवा होतो आणि खाण्यालायक राहत नाही. मे महिन्यापासून नजर करप्यावर असते. हवामान खातं, मेट एरन, त्याचे इशारे बातम्यांतून देतं. 1845 च्या महादुष्काळाला हाच रोग कारण ठरला होता.

हे सगळं शाळेत शिकवायला किती सोयीचं! एका पिकात वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि हवामान. पण अडचण येते ती काढणीला. मार्चमध्ये लावलेला बटाटा जूनच्या मध्यानंतर निघतो आणि माध्यमिक शाळा जूनच्या सुरुवातीलाच बंद होतात. ज्या मुलांनी भर लावली, ती काढणीला नसतात.

जपानमध्ये हा मेळ बसतो. शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. मेच्या सुमारास लावलेल्या छोट्या टोमॅटोला जुलैत, उन्हाळी सुटीच्या आधी फळ लागतं. तिथे युद्धानंतर, 1947 पासून, कनिष्ठ माध्यमिक शाळेत व्यवसाय विषयातून शेतीकाम शिकवलं जाई. 1958 नंतर ‘तंत्र व गृहविज्ञान’ विषयात लागवड आली, पुढे ती ऐच्छिक झाली, आणि 2012 पासून सजीवांची जोपासना पुन्हा सगळ्यांना सक्तीची. मैदान लहान असलं तर मुलं मातीच्या पिशवीतच रोप वाढवतात.

आयर्लंडचा प्रवास उलटा. प्राथमिक शाळांतलं ‘ग्रामीण विज्ञान’ 1934 मध्ये सक्तीचं राहिलं नाही. आयरिश भाषेला जास्त वेळ हवा होता. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर 1937 मध्ये, भारतात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामालाच शिक्षणाचा कणा करायचं ठरलं. झाकिर हुसेन समितीने सुचवलेल्या उद्योगांत सूतकताईबरोबर फळं आणि भाज्यांची बागही होती. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही त्या वाटेवर आहे. आणि विदर्भातल्या मुलाला ऋतूची साथ मिळते. शाळा जूनअखेर उघडते तेव्हा पावसाची सुरुवात झालेली असते. पेरलेली भेंडी, गवार दिवाळीच्या सुटीआधी ताटात येते.

लिक्सलिपच्या मुलांना ऋतू बदलून मिळणार नाही, पण पीक बदलता येईल. मार्चमध्ये पेरलेला मुळा आणि लेट्यूस मेअखेर काढता येतो. नोव्हेंबरात जमिनीत घातलेला बाकला तग धरला तर जूनच्या आसपास शेंगांवर येतो. लीव्हिंग सर्टिफिकेट या तिथल्या शालान्त परीक्षेच्या कृषिविज्ञानात 2021 पासून पंचवीस टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या शोधाला आहेत. म्हणजे मातीतल्या कामाला गुणपत्रिकेत जागा आहे. कोठाराखालच्या वाफ्यांपैकी एखादा शाळेकडे आला, आणि आठवड्याचा एक तास त्याच्या नावाने राखला गेला, तर मार्चमध्ये मुळा पेरणारी मुलं आणि मे महिन्यात तो उपटणारी मुलं एकाच वर्गातली असतील.