विवराच्या काठी, सकाळ ते संध्याकाळ

पहाटे साडेपाच. लोणारच्या धारेवर अंघोळीला गर्दी झालेली असते. गोमुखातून बारमाही पडणारं हे गोडं पाणी विवराच्या अगदी कडेला, आणि खाली पसरलंय ते खारं तळं. पाहुण्यांना मी इथंच बोलावतो.

सहा. उतरण्याआधी थोडी माहिती. कडेपासून कडेपर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, काळ्या बेसॉल्टात उल्का आदळून झालेलं विवर. वय पूर्वी 52 हजार वर्षं धरत. नंतरच्या आरगॉन मोजणीतून सुमारे 5 लाख 70 हजार निघालं. आकडे ऐकून माणसं मान डोलावतात. उतार गुडघ्यांना लागला की मग खरे प्रश्न सुरू होतात.

आठ. वानरं, मोर, पडकी देवळं मागे टाकून तळ्याकाठी. उग्र वास येतो. तळहातावर चिमूटभर हळद घ्यायला लावतो आणि त्यावर तळ्याचं पाणी शिंपडतो. पिवळी हळद बघता बघता विटकरी लाल होते. पोरं पुन्हा पुन्हा हात पुढे करतात. पाण्याचा सामू दहाच्या घरात, म्हणून हे घडतं. याच पाण्यातून पूर्वी खार काढत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची जातवार नावं होती. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण शोधलं: खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी तळ्याला रामसर दर्जा मिळाला.

नऊ. काठानं कमळजा देवीकडे. पाणी चढलेलं असलं तर लांबूनच हात जोडायचे. गोडं पाणी वाजवीपेक्षा जास्त उतरलं की खार पातळ होतो, आणि त्यावरच जगणारे जीव संकटात येतात. हे सांगताना माझा आवाज चढतो. असं तळं पुन्हा घडवता येणार नाही.

अकरापर्यंत वर. पुढे ऊन सोसवत नाही.

दुपारी तीन. गावातलं दैत्यसूदन मंदिर, लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं. दगडी मंडपात गारवा असतो. एखादी ताई मोबाइलचा उजेड छताकडे धरते आणि कोरलेल्या कथा एकेक उलगडू लागतात. इथं मी घाई करत नाही.

पाच. अंबर तळ्याकाठी निजलेला मोठा मारुती. पाहुण्यांजवळ होकायंत्र असेल तर इथले दगड दाखवतो. काहींजवळ सुई हलते.

सात. फोन वाजतो. शेगावहून दर्शन करून निघालेलं कुटुंब उद्या येतंय.

"दादा, तासाभरात लोणार होईल ना? पुढे सिंदखेडराजा करायचंय."

"काका, वरून बघायचं तर दहा मिनिटं पुरतात. पण तिथला जिजाऊंचा वाडा दुपारी बघा. सकाळी सहाला धारेवर या, पायात बूट घाला, पाणी भरपूर घ्या. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना दैत्यसूदनला बसवू, बाकीच्यांना मी खाली नेतो."