कुल्फीच्या धंद्यात मिठाचे गणित

पुसद, दिग्रस, उमरखेडच्या कुल्फीवाल्या बांधवांना बर्फ-मिठाचा मेळ हाताने ठाऊक आहे. कारण मात्र क्वचितच कोणी सांगतो. साखर विरघळलेले दूध शून्य अंशावर गोठत नाही, आणि वितळता बर्फ शून्यावरच थांबतो. मीठ पडले की बर्फ आणखी वितळतो व त्यासाठी लागणारी उष्णता साच्यातून ओढतो. तीन किलो बर्फाला किलोभर जाडे मीठ घातल्यास पारा उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. त्याहून जास्त मीठ म्हणजे पैसे पाण्यात. साखर वाढवाल तर कुल्फी उशिरा धरेल, गाडीवर लवकर पाझरेल.

हलवायाच्या कढईत याच गुणाची दुसरी बाजू. यवतमाळ सुमारे ४५० मीटर उंचीवर, म्हणून साधे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. घट्ट पाक मात्र ११० ओलांडतो. त्याचा चटका म्हणूनच जबर!