संकटापूर्वीची तजवीज

जुलै 2018 च्या दुसऱ्या आठवड्यात अतिवृष्टीने वसई-विरार परिसर जलमय झाला. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेल्याने वसई रोड ते विरार लोकलसेवा थांबली. अनेक वसाहतींतील वीज गेली, तळमजल्यावरील दुकानांत पाणी शिरले. पुढे दोन वर्षेही झाली नाहीत तोच, 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पहिल्या संकटात माल भिजला. दुसऱ्यात माल कोरडा राहिला, पण दुकान उघडता येईना. एका संकटासाठी केलेली तजवीज दुसऱ्याला पुरत नाही, हे या दोन प्रसंगांनी दाखवून दिले.

पुराच्या नुकसानीला विम्याचा आधार असतो. परंतु तो पुरेशा रकमेचा हवा. समजा, गोदामात 40 लाखांचा माल आहे आणि विमा 20 लाखांचाच उतरवला आहे. अशा वेळी 10 लाखांचे नुकसान झाल्यास सर्वसाधारणपणे 5 लाखच पदरी पडतात. दिवाळीपूर्वी साठा वाढतो, नवे गोदाम भाड्याने घेतले जाते. त्याचा पत्ता मात्र पॉलिसीत चढवायचा राहून जातो. दाव्याच्या वेळी हीच त्रुटी महागात पडते.

टाळेबंदीत या विम्याचा उपयोग नव्हता. धंदा बंद राहिल्याची भरपाई देणारे संरक्षण सामान्यतः मालमत्तेला प्रत्यक्ष हानी झाली असेल तरच लागू होते. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. व्याजाची आकारणी मात्र सुरू राहिली. दुकानाचे भाडे आणि नोकरांचे पगारही चुकत नव्हते. म्हणून किमान तीन महिन्यांच्या स्थिर खर्चाइतकी रक्कम मुदत ठेवीत वेगळी राखावी आणि ती नव्या मालाच्या खरेदीत गुंतवू नये.

महामारीने आणखी एक उणीव उघडी पाडली. घरचा कर्ता पुरुष अतिदक्षता विभागात असताना धनादेशावर सही कोणी करावी? अनेक पेढ्यांत सर्व व्यवहार एकाच व्यक्तीच्या हाती असतात. खात्यावर दुसऱ्या व्यक्तीस सहीचा अधिकार देणे, एकल मालकीच्या खात्यास वारस नामनिर्देशित करणे, ही कामे बँकेत अल्पावधीत होतात. भागीदारीच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळी तरतूद नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढीच विसर्जित होते. जुने करारपत्र वकिलाकडून तपासून घ्यावे. उधारीच्या नोंदी व पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावेत.

नोकरवर्गाचा विचार याहून निराळा नाही. मे 2020 मध्ये वसईतून हजारो मजूर श्रमिक गाड्यांनी गावी परतले. ज्याचा पगार थांबला आणि चौकशीही कोणी केली नाही, तो पुन्हा त्याच दुकानी येईलच असे नाही.

समाजपातळीवर संघाने व व्यापारी मंडळाने एकेकटे राहणारे वृद्ध, नियमित डायलिसिसवर असलेले रुग्ण आणि मदतीस जाऊ शकणारे तरुण यांची इमारतवार यादी करावी. चातुर्मासाच्या पूर्वी, म्हणजे पाऊस बळावण्याआधी, ती दरवर्षी पडताळावी. विम्याची पॉलिसी, करारपत्र आणि बँकेतील सह्या तपासण्यासही तोच मुहूर्त योग्य ठरेल.